जुनी डिझेल स्विफ्ट घेताय? आधी बोनेटला हात लावून बघा

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, आणि पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. मागच्या वर्षी मेव्हण्यासाठी एका डीलरकडे गेलो होतो, सकाळी नऊला बोनेट चांगलं गरम, म्हणे 'आत्ताच धुवायला काढली होती साहेब'. तिथूनच परत फिरलो, कारण डिझेलचं खरं दुखणं थंड इंजिनातच कळतं.

स्विफ्ट आपल्याकडे २००५ ला आली आणि डिझेल २००७ ला, इंजिन फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट, हेच डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटोमध्ये पण होतं, त्यामुळे पार्ट आणि हे इंजिन ओळखणारा मेकॅनिक दोन्ही सहज मिळतात. इंजिन दणकट आहे यात वाद नाही, पण जगतं ते ऑइलवर. यात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑइलवर, म्हणजे आधीच्या मालकाने ऑइल बदलायचा कंटाळा केला असेल तर दोन्ही एकदम खर्चात घालणार. थंड स्टार्टला चेनच्या बाजूने खडखड आली आणि दोन-चार सेकंदात थांबली नाही तर सरळ नाही म्हणा.

मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ चालते, पण चहाच्या किटलीसारखा भकाभक धूर यायला लागला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा असेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर नाहीतर नुसता एअर फिल्टर, काळ्याला एवढं घाबरायचं कारण नाही.

क्लचसाठी मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा, गाडी बंद पडली पाहिजे, नाही पडली तर प्लेट घसरतेय. खड्ड्यातून नेल्यावर पुढून टकटक आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचे बुश, हे किरकोळ आहे, यावर भाव पाडा.

किलोमीटरवर अजिबात विश्वास ठेवू नका. मीटर साठ हजार दाखवतोय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं कसं होईल?

आणि हो, सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, पुरात गेलेल्या गाड्या धुऊन पुसून विकायला येतात, सीट कव्हर नवीन घालतील पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहतेच.

कागद बघताना आरसीवरची मुदत आधी वाचा. १५ वर्षं झाली असतील तर रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) लागणार, त्याची फी २०२२ पासून ६०० ची ५००० झालीय, वर ग्रीन टॅक्स, आणि मिळणार पाचच वर्षं. लोनचा बोजा उतरलाय का आणि चलन किती बाकी आहेत तेही टोकन द्यायच्या आधी बघा. २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवली नसेल तर ती मालकालाच बसवून द्यायला सांगा, नाहीतर त्या प्लेटसाठी चकरा तुम्हालाच माराव्या लागतील.