पावसाळ्यात घरातल्या ऑर्किडची मुळं सांभाळा

मृग लागला की ऑर्किडला पाणी देण्याचं उन्हाळ्यातलं वेळापत्रक बंद करा. एप्रिल-मे महिन्यांत एक दिवसाआड दिलेलं पाणी याच झाडाला मानवत होतं, कारण कुंडी भराभर सुकत होती. आता मुंबई, कोकण, गोव्याकडे हवाच इतकी दमट असते की तीच कुंडी चार-पाच दिवस ओलीच राहते. आर्द्रा ते आश्लेषा या काळात ऑर्किड हातचं जातं ते बहुतेक वेळा मुळांना हवा न मिळाल्यामुळे. म्हणून या दिवसांत वार बघून पाणी घालू नका, मुळं बघून घाला.

घरात ठेवली जाणारी फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा ही सगळी मुळात झाडांवर वाढणारी ऑर्किडं. आपल्याकडची सीतेची वेणी सह्याद्रीत, कोकणात जुन्या झाडांच्या खोडांवर दिसते. तिची जाड मुळं सालीला चिकटून उघड्यावर असतात. सर आली की भिजतात, वारा सुटला की सुकतात. (तिला कुणी बांडगूळ म्हणतात, ते बरोबर नाही. ती झाडाचा आधार घेते, रस घेत नाही. आणि ती रानातून काढून घरी आणायची नसते.)

या मुळांवर मृत पेशींच्या थरांचं सच्छिद्र आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. ते पाणी चटकन शोषून घेतं. कोरडं असताना हवा भरलेली असल्यामुळे ते चंदेरी-पांढरं दिसतं. भिजलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाण्याची गरज ओळखायला याहून सोपी खूण नाही. पारदर्शक कुंडी असेल तर ती उचलून उजेडात धरा. मुळं हिरवी आहेत, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेत, तर पाणी नको. मुळं चंदेरी झाली, थेंब गेले, कुंडी हाताला हलकी लागली, की द्या. कुंडी मातीची असेल तर बांबूची कोरडी काडी मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढून बघा. काडी ओलसर निघाली तर अजून थांबा. शेतात वाफसा आल्याशिवाय आपण पेरणीला हात घालत नाही, तसंच हे आहे.

इथे एक फसवी गोष्ट नीट समजून घ्या. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं लुळी पडतात, त्यांवर सुरकुत्या येतात. तहानलेल्या झाडाचंही हेच दिसतं. पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. त्यामुळे पान लुळं दिसलं की आधी कुंडी बघायची. मुळांभोवती भरलेला माल कोरडा आणि मुळं टणक असतील तर पाणी हवं आहे. माल ओला असूनही पान लुळं असेल तर झाड त्याच दिवशी कुंडीतून बाहेर काढा.

दुकानातून आणलेल्या फॅलेनॉप्सिसकडे तर आणल्यावरच लक्ष द्या. पुष्कळदा त्याची मुळं स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात) घट्ट गुंडाळलेली असतात. वरचं मॉस सुकलेलं दिसतं आणि मधोमध मात्र चिंब गोळा असतो. कोरड्या हवेत हे मॉस उपयोगी आहे, कोकणातल्या पावसात घातक आहे. फुलं झडली की, आणि कुजल्याची शंका असेल तर फुलांसकट, ते सोडवून टाका. त्याऐवजी लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे वापरा. पावसाळ्यात सोडण कमी, कोळसा-वीट जास्त. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच घ्या. कुंडीला तळाला आणि बाजूलाही भोकं हवीत, आणि खाली पाणी साचवणारी बशी नको. कुंडीबाहेर लोंबणारी मुळं कापू नका, आत कोंबूही नका.

पाणी सकाळीच द्या आणि द्याल तेव्हा भोकांतून वाहून जाईपर्यंत भरपूर द्या. रोज थोडं थोडं शिंपडणं पावसाळ्यात सगळ्यात वाईट. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यात किंवा पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर कापसाने टिपून घ्या. तिथून कूज लागली की झाडाचा शेंडाच जातो. डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे त्याला एखादा दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. ते कोळशात लावलेलं असेल आणि वारा खेळता असेल तर पावसातही चालतं, पण पागोळीखाली नको. खिडक्या बंद ठेवाव्या लागतात तेव्हा पंखा मंद सुरू ठेवा.

पावसाचं पाणी ऑर्किडसाठी उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. शहरात पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, नंतरचं झाकणाच्या पिंपात साठवा. उघडं ठेवलं तर डास होतील. बोअरवेलच्या जड पाण्याने मुळांवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. तशी दिसली तर पावसाच्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा धुऊन काढा. आरओमधून वाया जाणारं पाणी कधीही घालू नका.

खताचा हात आवरता घ्या. १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, तेही नवी मुळं फुटत असतील तरच, आठवड्यातून एकदा आणि ओल्या मुळांवर. मुळाचं हिरवं किंवा तांबूस टोक कुरतडलेलं दिसलं तर ती गोगलगाय समजा. ती रात्री निघते, कुंडीच्या तळाशी लपते. बॅटरी घेऊन शोधा आणि वेचून काढा.

आता कुजलेल्या झाडाचं. बाहेर काढल्यावर प्रत्येक मूळ दोन बोटांत हलकं दाबा. टणक लागलं तर ते चांगलं, रंग मळका असला तरी ठेवा. मऊ, तपकिरी असेल आणि ओढल्यावर वरचं साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरत असेल, तर ते मेलेलं आहे. कात्रीचं पातं ज्योतीवर तापवून, गार झाल्यावर मेलेला भाग काढा. दुसऱ्या झाडाकडे वळण्याआधी पातं पुन्हा तापवा, कारण ऑर्किडचे विषाणू हत्यारांवरून पसरतात. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावा, पण चांगल्या मुळांवर सांडू देऊ नका, ती मुळं सुकवते. झाड एक दिवस सावलीत उघडं ठेवून लहान कुंडीत, नव्या कोरड्या मालात बसवा आणि तीन-चार दिवस पाणी देऊ नका. फुलांचा दांडा असेल तर कापा. गणपतीपर्यंत फुलं टिकावीत असं वाटणं साहजिक आहे, पण मुळांशिवाय झाड फुलं पोसू शकत नाही.

पानाच्या बुडाशी काळा, पसरत जाणारा डाग दिसला तर ती फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची काळी कूज असू शकते. रोगट भाग लगेच कापून झाड वेगळं ठेवा. औषध लागलंच तर कृषी सेवा केंद्रातून मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब संयुक्त बुरशीनाशक घ्या, लेबलवरच्या मात्रेनेच, हातमोजे घालून आणि घराबाहेर फवारा. तांब्याची बुरशीनाशकं डेंड्रोबियमला सोसत नाहीत.

विदर्भ-मराठवाड्यात पावसाचा खंड पडला की हवा लगेच कोरडी होते. तिथे कोळशात लावलेली झाडं खंडाच्या काळात दोन दिवसांनी तपासा. पुणे-नाशिककडे आठवड्यातून दोनदा बघितलं तरी पुरतं. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की मुळं पुन्हा लवकर चंदेरी होऊ लागतील. तेव्हा सोडणाचं प्रमाण वाढवा आणि दोन पाण्यांमधलं अंतर कमी करत आणा.