सीएफएलच्या करारातून सुटून एनएफएलला जायचं तर काय काय करावं लागतं

सीएफएलमध्ये, म्हणजे कॅनडाच्या व्यावसायिक (अमेरिकन पद्धतीच्या) फुटबॉल लीगमध्ये, एखाद्या पोराचा सीझन चांगला गेला की घरात, ग्रुपवर, सगळीकडे एकच विचारतात, आता एनएफएलवाले, म्हणजे अमेरिकेतली मोठी लीग, बोलावतील का. पण त्याच्या आधी बघायचं असतं ते हे की करार कुठवर आहे, कारण सीएफएलच्या क्लबशी करार चालू असलेल्या प्लेअरला एनएफएलची टीम घेऊ शकत नाही, दोन्ही लीग एकमेकांचे करार मानतात, आणि क्लबने मोकळं केल्याशिवाय (किंवा पुढे सांगितलेली खिडकी लागू असल्याशिवाय) कितीही मोठं बोलावणं आलं तरी त्याचा उपयोग नाही. कॅनडात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतला कुणी पोरगा या वाटेवर असेल, किंवा तुम्ही स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकताय आणि एजंट व्हायचंय, तर हे सगळं एका जागी मराठीत असावं म्हणून लिहितोय.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. सुटकेची खरी बोलणी पहिली सही करतानाच करायची असतात. सीझन संपल्यावर, पाच टीमचे फोन आल्यावर, एजंट जनरल मॅनेजरकडे जातो तेव्हा त्याच्या हातात विनंतीशिवाय काही नसतं, करारात लिहिलेलं असेल तरच हक्क असतो.

करार कुठवर आहे ते आधी बघा

ड्राफ्टमधून, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे प्लेअर निवडतात त्यातून, आलेल्या कॅनेडियन पोराचा पहिला करार साधारण दोन वर्षांचा आणि वर एक ऑप्शन वर्ष असा असतो, आणि ते ऑप्शन क्लबच्या हातात असतं, प्लेअरच्या नाही, म्हणजे क्लबला वाटलं तर तिसऱ्या वर्षीही तुम्ही त्यांचेच. जुन्या प्लेअर्सना एकेका वर्षाचा करार करता येतो आणि ज्याला एनएफएलची खरोखर आशा आहे त्याने तोच करावा असं माझं स्पष्ट मत आहे, भले क्लब दोन वर्षांसाठी थोडे जास्त पैसे देत असेल. कारण वर्ष संपलं की फेब्रुवारीत तुम्ही फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी सही करायला मोकळे, कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

करार हातात आला की तीन गोष्टी पेन्सिलने खूण करून ठेवा. शेवटचं वर्ष कोणतं, ऑप्शन आहे का आणि ते कोणाचं, आणि ऑफ-सीझनमध्ये बोनस मिळायची तारीख कोणती. ही बोनसची तारीख लोक विसरतात आणि तिथेच घोळ होतो, कारण क्लबने जानेवारीत बोनस दिला आणि तुम्ही महिन्याभरात एनएफएलला निघालात तर ते पैसे परत मागायची तरतूद करारात असू शकते, म्हणून ते कलम वकिलाकडून वाचून घ्या, एजंट म्हणाला काही होत नाही म्हणून सोडून देऊ नका.

खिडकी

सीएफएलमध्ये एक एनएफएल विंडो असते, तिला आपण खिडकीच म्हणू. करारात एकच वर्ष, म्हणजे ऑप्शनचं वर्ष, उरलेला प्लेअर ग्रे कप (सीएफएलची फायनल) संपल्यावर एनएफएलच्या टीमकडे वर्कआउटला, म्हणजे चाचणीला, जाऊ शकतो आणि ऑफर आली तर त्याला जाता येतं, आणि ही खिडकी फेब्रुवारीत, फ्री एजन्सी सुरू व्हायच्या आधी बंद होते. ग्रे कप नोव्हेंबरमध्ये असतो, म्हणजे हातात जेमतेम अडीच-तीन महिने, त्यात ख्रिसमस आणि नवीन वर्ष. ही सोय मधली काही वर्षं बंद होती, २०१९ च्या प्लेअर्स असोसिएशनबरोबरच्या (खेळाडूंच्या संघटनेबरोबरच्या) करारात परत आली, त्यामुळे जुन्या प्लेअर्सच्या गोष्टी ऐकून आपलं गणित मांडू नका, त्या त्या वर्षाचे नियम आणि तारखा असोसिएशनकडूनच लेखी मागवा.

आता जो प्लेअर येत्या फेब्रुवारीत तसाही फ्री एजंट होणार आहे त्याचं काय, तर अनेक क्लब अशा प्लेअरला जानेवारीतच मोकळं करतात म्हणजे त्याला एनएफएलशी लगेच सही करता येते. इथे विनंती केलीत तर बहुतेक वेळा ऐकली जाते, क्लबचं त्यात जायचं काय, पोरगा महिन्याभरात जाणारच असतो.

आणि ज्याच्या करारात दोन वर्षं उरलीत तो? त्याला खिडकी लागू नाही. तिथे फक्त क्लबची मर्जी.

नेथन रोर्कचं उदाहरण नीट बघा

ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरियाचा पोरगा, ओहायो युनिव्हर्सिटीत क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य प्लेअर), २०२० च्या सीएफएल ड्राफ्टमध्ये बीसी लायन्सने दुसऱ्या राउंडमध्ये घेतला. ते वर्ष कोविडमुळे अख्खं रद्द झालं. २०२२ मध्ये त्याने जवळपास ७९ टक्के पास पूर्ण केले, २५ टचडाउन, आणि मग ऑगस्टमध्ये पायाला दुखापत. इथे बरेच जण आशा सोडून देतात. तो प्लेऑफला परत उभा राहिला, सीझन संपल्यावर एकामागून एक एनएफएल टीमकडे वर्कआउट दिले, आणि त्याच्या करारात २०२३ चं एकच वर्ष उरलं होतं म्हणून हे सगळं रीतसर करता आलं. जानेवारी २०२३ मध्ये जॅक्सनविल जॅग्वार्सने त्याला घेतलं. त्याच कामगिरीचा पोरगा, पण करारात दोन वर्षं बाकी असती, तर लायन्सने आपला स्टार क्वार्टरबॅक सोडला असता का याचा विचार करा, मला तरी वाटत नाही.

त्याच लायन्सकडून कॅमेरॉन वेक गेला होता, २००७ आणि २००८ अशा दोन सीझनमध्ये ३९ सॅक (समोरच्या क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधी पाडणं), दोन्ही वर्षं लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर, आणि जानेवारी २००९ मध्ये मायामी डॉल्फिन्स. पुढे पाच वेळा प्रो बोल, म्हणजे एनएफएलच्या निवडक प्लेअर्सचा सामना. कॅल्गरीचा अॅलेक्स सिंगलटन २०१७ चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर होता, २०१९ च्या जानेवारीत फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तारखा बघा, सगळं जानेवारीत घडतंय. आणि त्याचं कारण आहे, एनएफएलचा रेग्युलर सीझन संपला की टीम पुढच्या वर्षासाठी रिझर्व्ह/फ्युचर नावाचे करार करायला लागतात, ऑफ-सीझनमध्ये ९० प्लेअर ठेवता येतात, त्या जागा भरायच्या असतात. एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला की त्याच जागा कॉलेजच्या पोरांनी भरतात.

क्लबकडे कसं मागायचं

फोनवर नाही. तोंडी बोलणं जरूर करा, कोचला आधी सांगा, त्याला दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटतं आणि तोच माणूस उद्या एनएफएलच्या स्काउटला तुमच्याबद्दल सांगणार असतो. पण मागणी एजंटने जनरल मॅनेजरला ईमेलने करावी, आणि ती छोटी असावी. त्यात करार कोणत्या वर्षापर्यंत आहे ते लिहायचं, कोणत्या कलमाखाली किंवा खिडकीखाली मागतोय ते लिहायचं, कधीपर्यंत उत्तर हवंय ती तारीख लिहायची, आणि एनएफएलमध्ये जमलं नाही तर परत याच क्लबकडे आधी बोलेन असं मनापासून वाटत असेल तर तेही लिहायचं. खोटं लिहू नका, नऊ टीमची लीग आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.

क्लबने का सोडावं, याचं उत्तर तुमच्या एजंटकडे तयार हवं. जो क्लब पोरांना अडवत नाही त्याच्याकडे अमेरिकेतून चांगली पोरं येतात, कारण प्रत्येकाला वाटत असतं की इथे दोन वर्षं खेळू आणि परत जाऊ. हा मुद्दा खरा आहे आणि जनरल मॅनेजर लोकांना तो पटतो. दुसरा मुद्दा पैशांचा, मोठ्या पगाराचा प्लेअर गेला की सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) जागा होते. धमकी, सोशल मीडियावर रडारड, ट्रेनिंग कॅम्पला न जाणं, यातलं काहीही करू नका, क्लब तुम्हाला सस्पेंडेड लिस्टवर टाकून ठेवू शकतो आणि मग ना इकडचे ना तिकडचे.

चालू सीझनमध्ये, म्हणजे जून ते नोव्हेंबर, सोडा म्हणून सहसा मागूच नका. टीम प्लेऑफसाठी झगडत असते आणि तेव्हा नकार मिळाला तर तो पुढेही लक्षात राहतो.

क्लब हो म्हणाला तरी थांबा. लीगच्या ट्रान्झॅक्शनच्या यादीत नाव आलं, लेखी कागद हातात आला, की मग सुटका झाली. आणि त्या कागदात एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, परत सीएफएलमध्ये आलात तर तुमचे हक्क कोणाकडे, याच क्लबकडे की तुम्ही कुठेही जायला मोकळे. हे लेखी नसेल तर ऑगस्टच्या शेवटी, एनएफएलने काढून टाकल्यावर दोन दिवसांत निर्णय घ्यायचा असतो तेव्हा, वाद होतात.

एजंटबद्दल एवढंच, सीएफएलच्या करारासाठी तिथल्या असोसिएशनकडे नोंदणी असलेला लागतो आणि एनएफएलशी बोलणी करायला एनएफएल प्लेअर्स असोसिएशनचं सर्टिफिकेट असलेला. एनएफएल करारावर एजंटला ३ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, कुणी जास्त मागत असेल तर उठून निघा.

वर्कआउटला काय होतं

टीम विमानाचं तिकीट पाठवते, आदल्या रात्री हॉटेल, सकाळी उंची-वजन, मग डॉक्टर. डॉक्टरांचा भाग मैदानापेक्षा जास्त वेळ खातो, प्रत्येक जुन्या दुखापतीचा सांधा हलवून, दाबून बघतात, एक्स-रे काढतात, म्हणून क्लबच्या मेडिकल स्टाफकडून आपली फाइल आधीच मागून घ्या. मग चाळीस यार्डांची धाव आणि पोझिशनची ड्रिल.

इथे एक फरक समजून सराव करा. सीएफएलमध्ये रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) बॉल स्नॅप व्हायच्या, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या, आधी पुढे धावत येता येतं, एनएफएलमध्ये तसं चालत नाही, जागेवर उभं राहून सुटायचं असतं, आणि समोरचा कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा डिफेन्सचा प्लेअर) तोंडाशी उभा असतो. सीएफएलमध्ये डिफेन्सिव्ह लाइन बॉलपासून एक यार्ड मागे असते, एनएफएलमध्ये तेवढं अंतर नसतं. मैदान ६५ यार्ड रुंद, तिकडे साडेत्रेपन्नच्या आत. स्काउटला तुमचा सीएफएलचा व्हिडिओ बघून नेमकी हीच शंका असते, की हा पोरगा धावत आल्यामुळे मोकळा होतोय की खरंच पायात ते आहे. म्हणून डिसेंबरभर जागेवरून सुटायचा सराव करा, ग्रे कप झाल्या झाल्या सुट्टीवर जाऊ नका.

पैसे

२०२५ मध्ये एनएफएलचा नवख्याचा किमान पगार ८,४०,००० अमेरिकन डॉलर होता आणि सीएफएलचा किमान ७०,००० कॅनेडियन. आकडा बघून डोकं फिरतं, पण तो पगार १८ आठवड्यांत विभागून मिळतो, म्हणजे आठवड्याला साधारण ४६,७०० डॉलर, आणि तो सप्टेंबरपासून, टीमच्या अंतिम ५३ जणांत नाव असेल तरच. जानेवारीत सही केल्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत हातात फार थोडं येतं. प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव यादीत, राहिलात तर २०२५ चा किमान आकडा आठवड्याला १३,००० डॉलर, तोही वाईट नाही, पण कधीही कट होऊ शकतो. म्हणून सही करताना साइनिंग बोनस किती देताय हे एजंटने विचारलंच पाहिजे, रक्कम लहान असेल तरी चालेल, ज्या पोराला टीमने रोख दिलेत त्याला कट करताना टीम जरा जास्त विचार करते. आणि आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच निघा, आई-बाबांना हे आधी नीट समजावून सांगा. टॅक्ससाठी दोन्ही देशांचे नियम माहीत असलेला अकाउंटंट बघा.

कॅनेडियन पासपोर्ट असेल तर अमेरिकेत खेळून पगार घ्यायला वर्क स्टेटस लागतं, साधारण पी-वन. अर्ज टीम करते, मंजुरी आली की कॅनेडियन नागरिकाला कॉन्सुलेटमध्ये व्हिसाचा शिक्का घ्यायला जावं लागत नाही, बॉर्डरवर कागद दाखवून एंट्री मिळते. पण घरातला पोरगा अजून भारतीय पासपोर्टवर, कॅनडाचा पीआर असेल तर ही सूट त्याला नाही, त्याला व्हिसा काढावा लागेल आणि त्याला वेळ लागतो, म्हणून इमिग्रेशन वकिलाशी नोव्हेंबरमध्येच बोलून ठेवा.

परत यायचं झालं तर

बहुतेक जण परत येतात, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. रोर्क जॅग्वार्सकडून पॅट्रियट्स, मग जायंट्स, फाल्कन्स असा फिरून ऑगस्ट २०२४ मध्ये बीसी लायन्सकडे परतला आणि २०२५ मध्ये लीगचा मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर झाला. एनएफएलचा शेवटचा कट ऑगस्टच्या शेवटी असतो, नवख्या प्लेअरला आधी वेव्हरवर टाकतात, साधारण एक दिवस दुसरी टीम घेते का ते बघायचं, मग प्रॅक्टिस स्क्वाडचे फोन, आणि तेही नाही आले तर सीएफएल. तोवर इकडचा सीझन अर्ध्याच्या पुढे गेलेला असतो आणि पगार मॅचच्या हिशोबाने उरलेल्या मॅचेसचाच मिळतो. क्लब घाईत असतो, तुम्हीही घाईत असता, आणि समोर दोन-तीन वर्षांचा करार ठेवला जातो. वय पंचविशीच्या आत असेल आणि परत एकदा प्रयत्न करायचा असेल तर फक्त त्या सीझनपुरती सही करा, किंवा पुढच्या वर्षाचं ऑप्शन देताना एनएफएलसाठी सोडण्याचं कलम त्यात घालून घ्या, आणि एजंट विमानतळावर असला तरी त्याला कागद वाचून दाखवल्याशिवाय पेन उचलू नका.