कामगाराची उत्पादकता धंद्याधंद्यांत कशी ताडून पाहावी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीची फाउंड्री (धातू ओतून भाग बनवणारा कारखाना) आणि हुपरीचं चांदीकाम ताडून पाहताना उलाढाल धरू नका. चांदीचा भावच आकडा फुगवतो. विक्रीतून कच्चा माल, वीज, बाहेर दिलेलं जॉबवर्क (मजुरीवर करून घेतलेलं काम) वजा करा आणि उरलेल्या रकमेला कामाच्या एकूण तासांनी भागा. समजा वर्षाला 60 लाख उरले, 10 माणसं, प्रत्येकी 2,400 तास: तासाला 250 रुपये.

घोळ होतो तो तासांत. ओव्हरटाइम, ठेकेदाराची माणसं, घरबसल्या चपलांच्या वेण्या घालणाऱ्या बायका (त्यांची मजुरी जॉबवर्कमध्ये वजा केली नसेल तर) हमखास सुटतात, आणि धंदा आहे त्याहून तेज दिसतो. फाउंड्रीत माल मोजताना ओतलेलं वजन नको, तपासणीत पास झालेलं कास्टिंग (ओतीव भाग) धरा. रिजेक्ट माल पुन्हा भट्टीतच जातो. गुऱ्हाळाला फक्त हंगामातले तास.