व्हर्च्युअल टीमसाठी ॲप निवडताना या चुका टाळा

वेगवेगळ्या ठिकाणांहून ऑनलाइन काम करणाऱ्या टीममध्ये कुरबुर सुरू झाली की बरेच मॅनेजर आधी नवं ॲप शोधायला लागतात. दुखणं एकीकडे, औषध भलतीकडे.

सगळ्यात महागात पडतं ते लेखी भांडण. एका टीममध्ये टेस्टरने डिझायनरच्या फाइलवर कॉमेंट टाकली, "हे असं का केलंय?" त्याला खरंच कारण हवं होतं. तिला तो जाब वाटला. उत्तर आलं, "ब्रीफमध्ये (कामाच्या लेखी सूचनांमध्ये) आहे, वाचावं." आणि सीसीमध्ये साहेब! मग खुलासे, प्रतिखुलासे, स्क्रीनशॉट. मॅनेजरने उपाय काय काढला, तर सगळ्यांना नव्या चॅट ॲपवर हलवलं. भांडणही सामानसुमानासह तिकडे गेलं, वर थम्सअपच्या इमोजीवरून नवा वाद. शेवटी मी दोघांना फोनवर घेतलं, तेव्हा कळलं की टेस्टरकडे ब्रीफची जुनी आवृत्ती होती. एवढंच!

विषय जितका संदिग्ध, तितकं माध्यम समोरासमोरच्या बोलण्याच्या जवळचं हवं, हे डाफ्ट आणि लेंगल या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1986 सालीच मांडलंय. लेखी मजकुरात सूर नसतो. वाचणारा स्वतःचा सूर लावून वाचतो. त्यामुळे एका थ्रेडमध्ये दोन खुलासे झाले की तिसरा मी लिहीत नाही, फोन लावतो. मात्र फोनवर जे ठरलं ते दोन ओळींत त्याच थ्रेडमध्ये टाकतो. हे दुसरं काम सगळे विसरतात.

उलट टोकही नको. रोजच्या स्टेटससाठी व्हिडिओ कॉल कशाला? लिहून द्या. कॅमेऱ्याची सक्ती तर मला अजिबात पटत नाही. निदान स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट तरी लपवू द्या.

आवाज उशिरा पोचतो, ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या, शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. तो फार वाढला की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि "हा मध्येच तोडतो" म्हणून खापर माणसावर फुटतं. आधी व्हीपीएन (इंटरनेटवरचा सुरक्षित, पण वळसा घालणारा मार्ग) बंद करता येतो का बघा, वाय-फायऐवजी केबल लावा. नाहीच जमलं तर साधा फोन.

रात्रीचा मेसेज शेड्यूल करून सकाळी पाठवा.

"टीममधल्या नात्यांसाठी बेस्ट ॲप कोणतं?" विचारणाऱ्या उतावळ्यांना माझं एकच उत्तर असतं: टीममध्ये नवा आलेला माणूस पहिल्या आठवड्यात प्रत्येकाशी एकेकटा बोलू दे. कुठल्याही ॲपवर.