स्कूल बोर्डापुढे बोलायचंय? आधी हे वाचा (कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटवाल्यांसाठी)

परवा ग्रुपवर परत तेच, शाळेतलं अमुक बंद करतायत, चला मेयरला मेल टाकूया. अहो मेयरचा काय संबंध! आपल्याकडे मनपाची शाळा मनपाच चालवते म्हणून डोक्यात तेच बसलंय, पण इथे फ्रिमाँट युनिफाइड, म्हणजे सरकारी शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट, हे सिटीपासून एकदम वेगळं खातं आहे. त्याचं स्वतःचं पाच जणांचं बोर्ड, पाच एरियातून एकेक ट्रस्टी (म्हणजे बोर्डाचा सदस्य) चार वर्षांसाठी निवडून येतो, आणि बजेट पास करणं, सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमणं हे सगळं त्यांच्या हातात. तुमच्या पत्त्याला कोण ट्रस्टी आहे ते डिस्ट्रिक्टच्या साइटवर नकाशात बघून ठेवा.

मुलाला वर्गात त्रास होतोय वगैरे असेल तर बोर्डाकडे धावू नका, आधी टीचर मग प्रिन्सिपल. बोर्डाकडे न्यायचं ते सगळ्या पोरांना लागू होणारं, म्हणजे प्रोग्राम, हद्दी (कुठल्या पत्त्याला कुठली शाळा), पैसे.

आता अजेंडा. कॅलिफोर्नियात 1953 चा ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे अशा बोर्डांच्या मीटिंग लोकांसाठी खुल्या ठेवायचा कायदा आहे, त्यामुळे रेग्युलर मीटिंगचा अजेंडा 72 तास आधी लावावाच लागतो (स्पेशल मीटिंगला 24). तो नीट वाचा, आणि त्यातला कन्सेंट कॅलेंडर नावाचा भाग तर नक्कीच, कारण तिथले सगळे विषय एका मतात गठ्ठ्याने पास होतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा छान भाषण पाठ करून मागे बसून राहिलो, आणि माझा विषय त्या गठ्ठ्यात कधीच निघून गेलेला! चूक माझीच, वाचलंच नव्हतं.

बोलायला सिटिझन असावं लागत नाही, एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असलात तरी चालतं, मत देता येत नाही एवढंच. गेल्या गेल्या स्पीकर कार्ड भरून त्यावर आयटम नंबर टाका. साधारण तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली की दोन, कधी एकच, म्हणून मागणी पहिल्याच वाक्यात सांगून टाका, "नमस्कार, मी अमक्याची आई" यातच वीस सेकंद जातात. विषय अजेंड्यावर नसेल तरी बोलता येतं, पण बोर्डवाले त्यावर तुमच्याशी चर्चा करू शकत नाहीत, कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा समोर सगळे गप्प बसले म्हणून चिडू नका.

खरी मेख टायमिंगची. टीचरना ले-ऑफची पहिली नोटीस 15 मार्चच्या आत द्यावी लागते, म्हणजे कुठल्या पोस्ट कापायच्या ते फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरायला लागतं. बजेट आणि एलसीएपी (डिस्ट्रिक्टची उद्दिष्टं आणि त्यावरच्या खर्चाचा आराखडा) जूनमध्ये पास होतात तेव्हा हॉल भरतो, पण तोवर बरंच ठरून गेलेलं असतं. त्यामुळे थंडीतच जा, चार-पाच पालक मिळून जा आणि प्रत्येकाने वेगळा मुद्दा घ्या, तेच तेच पाचदा ऐकवू नका.

आणि हो, पोरांना आधी जेवू घाला, तुमचा नंबर लागेपर्यंत रात्रीचे दहा वाजू शकतात.