पैसा तारखेच्या मागे येतो: इंग्लंडमधल्या कॉलेजच्या डेटा ऑफिसातून

इंग्लंडमधल्या एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात मी डेटा एन्ट्रीला लागले, तेव्हा वाटलं होतं की नावं-पत्ते टाइप करायचे आणि पाच वाजता घरी जायचं. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाची सुरुवातीची तारीख ४ सप्टेंबरऐवजी ४ ऑक्टोबर टाकली. माझ्या लेखी ती एक टायपिंगची चूक होती. मॅनेजरबाईंनी मला बोलावलं, स्क्रीनवर त्या मुलाच्या सप्टेंबरच्या सरकारी पैशांचा रकाना दाखवला. तिथे शून्य होतं. ओरडल्या वगैरे नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘मूल वर्गात बसलेलं होतं, पण सरकारसाठी ते अजून जन्मलेलं नाही.’

कॉलेजाच्या सरकारी पैशांच्या नोंदी ठेवायच्या या क्षेत्रात यायचा विचार असलेल्या मराठी मंडळींचे मला अधूनमधून मेसेज येतात. बहुतेकांचा समज माझ्यासारखाच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कॉलेज म्हणजे काय ते. सोळाव्या वर्षी शाळा संपल्यावर जे प्लंबिंग, केशकर्तन, नर्सरीतलं काम, अकाउंट्स असं काही शिकतात, जे मोठे लोक उशिरा इंग्रजी-गणित पक्कं करायला येतात, आणि जे नोकरी करताकरता अप्रेंटिस म्हणून शिकतात, ते सगळे इथे. कॉलेजांशिवाय खासगी ट्रेनिंग प्रोव्हायडरही असतात. पैसा बहुतांशी सरकारचा, पण तो एका थैलीतून येत नाही.

१६ ते १९ वयाच्या मुलांचा पैसा सगळ्यात शांत. यंदा किती मुलं होती त्यावर पुढच्या वर्षीची रक्कम ठरते, त्यामुळे अचानक मुलं वाढली की कॉलेजला वर्षभर पदरमोड करावी लागते. मोठ्यांची थैली म्हणजे अ‍ॅडल्ट स्किल्स फंड. ऑगस्ट २०२४ पर्यंत तिचं नाव वेगळं होतं, आमच्या जुन्या फोल्डरांवर अजून तेच आहे. लंडन, ग्रेटर मँचेस्टर अशा भागांत ही थैली तिथल्या महापौरांच्या हातात असते आणि ती विद्यार्थ्याच्या घराच्या पोस्टकोडवरून ठरते. एकाच बाकावर बसलेल्या दोघींचे पैसे दोन वेगळ्या सरकारी दारांतून येतात, ते यामुळे. पोस्टकोडमधलं एक अक्षर चुकलं तर बाई कॉलेजात आणि पैसा भलत्याच भागात.

पात्रतेची गंमतही इथलीच. मोठ्यांच्या कोर्ससाठी साधारण तीन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. मी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दिवसभर लोकांचे पासपोर्ट तपासून ‘तुम्ही पात्र आहात’ असा शेरा मारायची, आणि त्याच नियमाने मी स्वतः बाद.

आता अप्रेंटिसशिप. नव्या माणसाची खरी परीक्षा इथेच होते, त्यामुळे इथे जरा थांबू.

२०१७ च्या एप्रिलपासून ज्या कंपनीचं वार्षिक पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, तिच्याकडून ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, घेतात. ती रक्कम कंपनीच्या ऑनलाइन खात्यात दिसते आणि तिथून अप्रेंटिसच्या शिक्षणाचा खर्च निघतो. लहान कंपन्या लेव्ही भरत नाहीत. त्यांच्यासाठी बहुतेक खर्च सरकार उचलतं आणि कंपनीने थोडा वाटा द्यायचा असतो. तो आधी १० टक्के होता, २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला, आणि एप्रिल २०२४ पासून अप्रेंटिस २२ वर्षांखालचा असेल तर या लहान कंपन्यांना काहीच द्यावं लागत नाही. हा ५ टक्क्यांचा वाटा वसूल करणं आणि नोंदवणं हे आपलंच काम. तो राहिला तर शेवटचा हप्ता अडतो. पाच टक्क्यांसाठी कंपनीच्या अकाउंटंटला किती फोन करावे लागतात, ते मोजायला नको.

हिशोब असा चालतो. समजा शिक्षणाची ठरलेली किंमत १२,००० पौंड आणि मुदत १५ महिने. त्यातले २० टक्के, म्हणजे २,४०० पौंड, शेवटच्या मूल्यमापनापर्यंत राखून ठेवतात. उरलेले ९,६०० पंधरा महिन्यांत वाटले की महिन्याला ६४० पौंड. हप्ता मिळायचा तर अप्रेंटिस महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिकत असायला हवा. ३० तारखेला सोडून गेला आणि महिना ३१ दिवसांचा असेल, तर त्या महिन्याचे ६४० गेले. आणि अगदी सुरुवातीला ४२ दिवस टिकला नाही तर काहीच नाही. माझ्याकडे एक मुलगा एकेचाळिसाव्या दिवशी गेला होता. ट्यूटरने त्याच्यावर सहा आठवडे मेहनत घेतलेली, आणि माझ्या रिपोर्टमध्ये त्याच्या नावासमोर पुन्हा शून्य.

ही सगळी माहिती आयएलआर (इंडिव्हिज्युअलाइज्ड लर्नर रेकॉर्ड) नावाच्या फाइलमधून सरकारकडे जाते. एका विद्यार्थ्यामागे पुष्कळ रकाने असतात: दहा आकडी युएलएन (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), जन्मतारीख, पोस्टकोड, सुरुवात, ठरलेला शेवट, प्रत्यक्ष शेवट, किंमत. या पैशांचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. एका वर्षाचे चौदा रिटर्न असतात, म्हणजे फाइल चौदा वेळा पाठवायची, आर०१ पासून आर१४ पर्यंत. बहुतेक महिन्यांत महिना लागल्यावर चौथ्या कामाच्या दिवशी फाइल गेलीच पाहिजे. आर१४ ऑक्टोबरात येतो, आणि तो बंद झाला की मागचं वर्ष बंद. त्या आठवड्यात ऑफिसात कोणी मोठ्याने हसत नाही.

फाइल गेली म्हणजे पैसे आले असं नाही. अप्रेंटिसच्या बाबतीत आपली फाइल आणि कंपनीच्या ऑनलाइन खात्यातली नोंद एकमेकींशी जुळावी लागते. नाही जुळली तर डेटा लॉक, म्हणजे पैसे अडले. युएलएन वेगळा असेल तर एक एरर क्रमांक, किंमत वेगळी असेल तर दुसरा. किमतीचा डीलॉक ०७ तर इतका पाहिलाय की स्वप्नातही ओळखेन. एकदा एका अप्रेंटिसचे चार महिन्यांचे हप्ते अडकले होते. आमच्याकडे ९,५००, कंपनीच्या खात्यात ९,०००. कंपनीतल्या बाई म्हणत होत्या, आम्ही बरोबर आहोत. आमचा सेल्सवाला म्हणत होता, मी ९,५०० च सांगितलं होतं. शेवटी सही केलेला करार काढला, त्यात ९,०००. मुलीला आधीचा अनुभव होता म्हणून किंमत ५०० पौंडांनी कमी केली होती, आणि ते सेल्सवाल्याने आम्हाला कळवलंच नव्हतं. खरं तर असा अनुभव तपासून किंमत आणि मुदत कमी करणं हा नियमच आहे. आकडा दुरुस्त केला, पुढच्या महिन्यात चारही हप्ते आले. तेव्हापासून कोणाचं तोंडी मी ऐकून घेते, पण टाकते कागदावरचंच.

ऑडिटही कागदच मागतं. अप्रेंटिसने कामाच्या वेळात किती तास शिकलं याचा पुरावा हवा. पूर्वी हे कामाच्या वेळेच्या २० टक्के होतं, ऑगस्ट २०२२ पासून आठवड्याला सहा तासांचा हिशोब आला, आणि ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमाला ठरावीक किमान तास नेमून दिलेत. अप्रेंटिसशिपची किमान मुदतही त्याच वेळी १२ महिन्यांवरून ८ वर आली. म्हणून २०२३ साली लागलेल्या मुलाला २०२३ चेच नियम लावायचे असतात, आजचे नाहीत. नवे लोक इथे हमखास घसरतात. एका ठिकाणी (नाव नको) महिना-दीड महिना शिकणं थांबलेल्या मुलांची नोंद ‘चालू’ अशीच ठेवलेली सापडली. आजारपण, बाळंतपण, कारणं खरी होती. पण खंड नोंदवला नव्हता. पैसे परत द्यावे लागले.

नियमावली दर ऑगस्टला नवी येते आणि मधूनमधून तिची सुधारित आवृत्तीही. ती पाठ करू नका. आपल्या वर्षाची आवृत्ती कोणती ते पाहायची सवय लावा. पैसे देणाऱ्या सरकारी खात्यांची नावंही पाठ करण्यात अर्थ नाही. २०१० पर्यंत लर्निंग अँड स्किल्स कौन्सिल होती, मग स्किल्स फंडिंग एजन्सी, २०१७ पासून ईएसएफए (एज्युकेशन अँड स्किल्स फंडिंग एजन्सी), तीही ३१ मार्च २०२५ ला बंद झाली आणि काम थेट शिक्षण खात्याकडे गेलं. त्याच सप्टेंबरात अप्रेंटिसशिपसकट बराच भाग कामगार आणि निवृत्तिवेतन खात्याकडे वळवला. आमच्याकडचा एक जुना सहकारी अजूनही सगळ्यांना ‘कौन्सिल’च म्हणतो, आणि त्याचं काम बिनचूक असतं.

आता नोकरीचं. जाहिरातीत एमआयएस (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स) ऑफिसर, डेटा ऑफिसर, फंडिंग अँड कम्प्लायन्स ऑफिसर अशी नावं दिसतील. अकाउंट्सची डिग्री लागत नाही. एक्सेल मात्र हातात बसलेलं हवं. पिव्होट आणि लुकअप न अडखळता जमलं तर अर्धं काम झालं. पुढे जायचं तर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका. कॉलेजागणिक सॉफ्टवेअर वेगळं असतं, ते आत गेल्यावर महिन्याभरात येतं, त्याची धास्ती नको. ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशांच्या धांदलीत तात्पुरती माणसं घेतात. मी तशीच आत आले.

आणि बोलायची भीड सोडा. आपल्याकडे शिक्षकाला उलट विचारायचं नाही असं अंगात भिनलेलं असतं. इथे तुमचं अर्धं काम म्हणजे ट्यूटरला फोन करून ‘शेवटचा वर्ग नक्की कधी झाला?’ हे तिसऱ्यांदा विचारणं. सुरुवातीला माझा आवाज थरथरायचा.

मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ सगळीकडे विचारतात, आता मीही विचारते. ट्यूटर आज येऊन सांगतो की अमुक मुलगी तीन महिन्यांपूर्वीच सोडून गेली, तर तुम्ही काय कराल? बरेच जण म्हणतात, आजची तारीख टाकून नोंद बंद करू. काही जण म्हणतात, मॅनेजरला विचारू. गेल्या वेळी एका मुलाने उलट मलाच विचारलं, ‘ती शिकत होती याचा शेवटचा पुरावा कोणत्या तारखेचा आहे?’ मी म्हटलं, समजा १२ मार्च. तो म्हणाला, ‘मग शेवट १२ मार्च, मार्चपासूनचे हप्ते परत जाणार, आणि हे आजच फायनान्सला सांगायला हवं.’ त्याला एक्सेल यथातथाच येत होतं. आम्ही त्यालाच घेतलं.