जुन्या पुस्तकातलं चिनी गाव आजच्या नकाशावर कसं शोधायचं

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं वैद्यकीय पथक १९३८ साली चीनला गेलं. त्याबद्दलचं जुनं इंग्रजी लिखाण वाचायला घेतलं की हँकाव, चुंगकिंग, येनान अशी नावं भेटतात आणि आजचा नकाशा उघडला की हरवतात.

आधी मजकुराचं साल बघा. 'पेइपिंग' दिसलं तर ते १९२८ ते १९४९ या काळातलं बीजिंगच. हँकाव आता वूहान शहराचा एक भाग आहे.

बंदरांची नावं नियमात बसवायच्या फंदात पडू नका, सरळ पाठ करा. अमॉय म्हणजे शियामेन, स्वाताव म्हणजे शानतोउ. ही नावं तिथल्या बोलींतून इंग्रजीत गेली. कँटन पोर्तुगीजांमार्फत आलं. मुळात ते ग्वांगदोंग प्रांताचं नाव, चिकटलं मात्र ग्वांगझौ शहराला. मुंबईचा कापूस जायचा ते कँटन हेच.

आता खरी गोम. जुन्या स्पेलिंगवरून आजचं काढायला जो तो एकच तोडगा सांगतो: 'पी'चा 'बी' करा, 'टी'चा 'डी', 'के'चा 'जी'. मी तो डोळे मिटून वापरला आणि तोंडघशी पडलो. 'तातुंग'चं 'दादोंग' केलं आणि अख्खी दुपार ते नसलेलं गाव शोधत बसलो. खरं नाव दातोंग. पहिला 'टी' बदलतो, दुसरा बदलत नाही! कुनमिंग आणि कैफेंगचा 'के' तर आजही 'के'च आहे.

असं का, हे इंग्रजीतून समजून घेताना डोकं दुखतं. मराठी कानाला ते पटकन कळतं. हा सगळा प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांचा मामला आहे. दातोंगचा उच्चार आपल्या कानाला 'तातुंग'पेक्षा 'ताथुंग'च्या जवळचा लागेल. चिनी नावं रोमन लिपीत लिहायच्या जुन्या वेड-जाइल्स पद्धतीत महाप्राण (फ, थ, ख यांतला हकार) दाखवायला अक्षरापुढे वर एक छोटं चिन्ह असायचं. १९०६ साली शांघायच्या बैठकीत टपालाची स्पेलिंगं ठरली, तेव्हा तारेच्या सोयीसाठी ही चिन्हं गाळली. हकार गेला आणि त आणि थ एकाच 'टी'त कोंबले गेले. १९५८च्या पिनयिनने, म्हणजे चीनच्या आजच्या रोमन स्पेलिंग पद्धतीने, त्यांना पुन्हा वेगळं केलं: त साठी 'डी', थ साठी 'टी'.

सगळ्यात वाईट फसवतं ते 'किंग'. पेकिंगचं बीजिंग झालं, नानकिंगचं नानजिंग. मग चुंगकिंगचं चोंगजिंग? नाही, चोंगछिंग, आणि स्पेलिंगमध्ये 'क्यू'. पहिल्या दोघांतलं 'किंग' म्हणजे राजधानी, तिसऱ्यातलं म्हणजे आनंदोत्सव; मूळ अक्षरंच वेगळी. 'त्सि'चंही तेच. त्सिनान आणि त्सिंगताव, दोन्ही शानदोंग प्रांतातली. पहिलं 'जे'ने जिनान, दुसरं 'क्यू'ने छिंगदाओ. त्यामुळे 'कि' किंवा 'त्सि' दिसलं की कागदावर 'जे' आणि 'क्यू' अशी दोन्ही रूपं काढा, प्रांत लक्षात ठेवा आणि मगच नकाशाकडे वळा. पुस्तकात कुठे चिनी अक्षर छापलेलं असेल तर आधी ते धरा. रूपांतराचे तयार तक्ते मी तरी या टप्प्यावर उघडतसुद्धा नाही.

शेवटची खबरदारी प्रांतांची. शान्सी आणि शेन्सी हे शेजारी प्रांत. पिनयिनमध्ये पहिल्यात एक 'ए', दुसऱ्यात दोन. येनान, म्हणजे आजचं यानआन, दोन 'ए'वाल्या प्रांतात आहे. एका टिपणात माझा एक 'ए' राहिला आणि कोटणीस भलत्याच प्रांतात जाऊन पोचले. आणि त्याच वर्णनांत 'चाहार' आला तर आजच्या नकाशात शोधत बसू नका. तो प्रांत १९५२ सालीच मोडला.